पाण्यातून काढलेल्या मुलाचा श्वास

उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटली की मुलांचे पाय विहिरीकडे वळतात. पाठीस भोपळा किंवा डबा बांधून पोहावयास शिकणे ही खेड्यांतील जुनी रीत असून ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु गटांगळ्या खाणारे मूल काठावर ओढून घेतले, ते उठून बोलू लागले, की संकट टळले असे सर्वांस वाटते. ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही.

फुप्फुसांतील सूक्ष्म वायुकोशांस आतून एक स्निग्ध थर असतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर ते मिटून चिकटत नाहीत. थोडेसे पाणी आत गेले तरी हा थर बिघडतो, काही कोश मिटतात, काहींत द्रव झिरपतो, आणि रक्तास प्राणवायू कमी पडू लागतो. हे हळूहळू घडते. बहुधा पहिल्या सहा ते आठ तासांत त्रास प्रकट होतो. कसलाही त्रास न होता पोहून आलेले मूल चार दिवसांनी अकस्मात दगावते, ही मात्र निव्वळ भीती होय. ‘कोरडे बुडणे’ यांसारखी नावेही वापरू नयेत, असे २००२ साली ॲम्स्टरडॅम येथील जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी ठरविले.

ठसका लागून दोन मिनिटांत थांबला तर चिंता नको. खोकला थांबेना, श्वास जलद चालला, नाकपुड्या फुलल्या, श्वासागणिक बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाऊ लागली, तोंडाशी फेस आला, ओठ निळसर झाले, किंवा मूल विलक्षण पेंगू लागले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ‘दमला आहे, झोपू द्या’ असे म्हणणे येथे घातक ठरते. मुलास उलटे टांगणे वा पोट दाबणे हे प्रकारही टाळावेत. त्याने फुप्फुसांतील पाणी निघत नाही, उलटी मात्र श्वासनलिकेत जाते. श्वासच बंद असेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा.

खरी अडचण निराळीच आहे. मार बसेल या भयाने मुले घडलेली गोष्ट लपवितात. ‘जो सांगेल त्यास शिक्षा नाही’ असे शिक्षकांनी वर्गात आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. पाण्याखाली गेलेल्या वा शुद्ध हरपलेल्या मुलास, ते हसत असले तरी, एकट्याने घरी धाडू नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावे. ते किती वेळ पाण्याखाली होते, केव्हा काढले व खोकला केव्हा सुरू झाला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.