लंका जळाल्यानंतर

रामायणातला संघर्ष पंचवटीपासून पेटत गेला, हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. शूर्पणखेचं नाक इथं कापलं गेलं म्हणून गावाचं नाव नासिक पडलं, अशी श्रद्धाच आहे. त्या संघर्षाचा चित्रपटही याच गावात तयार झाला. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर मुंबईहून नाशिकला आले आणि १९१७ मध्ये त्यांनी 'लंकादहन' पडद्यावर आणला. समुद्र ओलांडून उडणारा मारुती, पेटलेली परकी नगरी, राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत एकटे अण्णा साळुंके. परक्या लोकातलं युद्ध, आकाशातून प्रवास, माणसाच्या आवाक्याबाहेरची अस्त्रं ही आजच्या अंतराळ-युद्धपटांची सारी सामग्री तिथे होती. या जातीच्या चित्रपटाचा दुसरा भाग करायचा म्हटलं, की पहिली अडचण हीच: एकदा लंका जाळून झाल्यावर आणखी काय जाळायचं? आणखी मोठी लंका, हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं उत्तर आहे. दुसऱ्या भागाचं खरं भांडवल म्हणजे पहिल्या भागात प्रेक्षकाची पात्रांशी झालेली ओळख. ती माणसांवर खर्च केली तर चित्रपट तरतो, नुसत्या आकारावर उधळली तर फसतो.

याचा पुरावाही नाशिकचाच आहे. हिंदुस्थान फिल्म कंपनीसाठी फाळक्यांनी १९१८ मध्ये 'श्रीकृष्णजन्म' आणि पुढच्याच वर्षी, त्याचाच दुसरा भाग म्हणावा असा, 'कालियामर्दन' केला. दोन्हींत बाळकृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कालिया नागाशी झुंज म्हणजे पाण्याखालचं युद्ध, आणि फाळक्यांसारख्या चमत्कृतीच्या कारागिराला तिथूनच सुरुवात करण्याचा मोह झाला असता तर नवल नव्हतं. पण चित्रपट सुरू होतो तो मंदाकिनीच्या चेहऱ्यावर. ती एकामागून एक भाव दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण प्रकट होतो. पुढे बराच वेळ गोकुळातल्या खोड्याच चालतात. झुंज येते शेवटी, आणि तीही एकटी येत नाही. पाण्यातल्या झटापटीबरोबर काठावर जीव मुठीत धरून उभे असलेले गोकुळवासी दिसत राहतात. नागाचं धूड आज खोटं वाटेल, काठावरची काळजी मात्र खोटी वाटत नाही.

पुराणकथेचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो आणि अंतराळपट रहस्यावर चालतो, तेव्हा ही तुलनाच चुकीची, असा आक्षेप कुणी घेईल. तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा 'स्टार वॉर्स'चा दुसरा भाग. खलनायक डार्थ व्हेडर हाच नायक ल्यूकचा बाप, हा त्यातला धक्का आज चित्रपट न पाहिलेल्यालाही माहीत आहे. त्या धक्क्यातच त्याचं बळ असतं, तर तो केव्हाच जुना झाला असता. पण लोक तो पुन्हा पुन्हा पाहतात, जसं सेतू बांधला जाणार हे माहीत असूनही रामायण ऐकतात. दिग्दर्शक आयर्विन कर्शनर यांनी सगळ्यात मोठी लढाई, बर्फाळ ग्रहावरची, सुरुवातीलाच उरकली आहे, आणि तिचा शेवट विजयात नाही तर पळापळीत होतो. चित्रपटाचा गाभा त्यानंतर एका दलदलीत आहे. तिथे फ्रँक ऑझ यांच्या हातातली योडा नावाची बाहुली ल्यूक या उतावळ्या पोराला धीर शिकवते, पण तो शिक्षण अर्धवट टाकून निघतो आणि हात गमावतो. युद्धातला पराभव इथे एका माणसाच्या घाईतून येतो.

मात्र या चित्रपटाचे दोषही झाकू नयेत. ल्यूकचं शिक्षण किती दिवस चाललं आणि तेवढ्याच काळात त्याचे मित्र शत्रूपासून किती वेळ पळत होते, हा हिशेब काही केल्या जुळत नाही. पहिल्या भागात बंदूक हिसकावून घेऊन सुटकेची वाट काढणारी नायिका लेया इथे बराच वेळ प्रेमकथेत अडकते. आणि ल्यूकचा मित्र हान सोलो गोठवलेल्या अवस्थेतच राहतो; त्याचं काय झालं हे कळायला प्रेक्षकाला १९८३ पर्यंत थांबावं लागलं. तिकिटाचे पूर्ण पैसे घेऊन अर्धी गोष्ट सांगणं हा दुसऱ्या भागाचा जन्मजात दोष आहे, आणि तो चांगल्या चित्रपटालाही चुकत नाही. २०२४ च्या 'ड्यून : भाग दोन'मध्ये तोच दिसतो. अखेरची लढाई अचाट वाळूकिड्यांसह येते आणि घाईत संपते. खरं विश्वयुद्ध तर पुढच्या भागावर ढकललेलं आहे. तरीही दिग्दर्शक दनी विलनव्ह यांनी नायकाची प्रेयसी चानी हिला मूळ कादंबरीहून वेगळं केलं. ज्याला सारे त्राता मानतात, त्याच्या त्रातेपणावर ती विश्वास ठेवत नाही. शेवटचं चित्र तिच्याच चेहऱ्याचं आहे, आणि माझ्या मते सगळ्या वाळूकिड्यांपेक्षा ते भारी पडतं.

लोक भव्यता बघायलाच येतात, चेहरे घरीही दिसतात, असं यावर म्हटलं जाईल. खरं आहे, भव्यता नको असं मीही म्हणत नाही. 'लंकादहन' चालला तो मारुती उडाला म्हणूनच. पण भव्यता ज्या तंत्रावर उभी असते ते तंत्र थांबत नाही, आणि याची सगळ्यात कठोर किंमत फाळक्यांनाच मोजावी लागली. लंकेच्या कथेकडे ते पुन्हा वळले ते 'सेतुबंधन'साठी. पैशाअभावी काम रखडलं, आणि ते पुरं होईपर्यंत मार्च १९३१ मध्ये पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' बोलू लागला होता. मूकपटांच्या काळात ज्यांनी देशाला थक्क केलं, त्यांचा पट आता केवळ मुका म्हणून मागे पडला. पुढे १९३४ मध्ये त्याला आवाज जोडून तो पुन्हा दाखवण्यात आला. ओठ हलवून गेलेल्या नटांच्या तोंडी नंतर शब्द घातले गेले. 'कालियामर्दन'मधली मंदाकिनी मात्र आजही एक शब्द न बोलता डोळे मोठे करते, रुसते, हसते, आणि पाहणाऱ्याला तिथे आवाजाची उणीव भासत नाही.