खण नसलेलं घर

जळकोट म्हटलं की अनेकांना लातूर जिल्ह्यातला तालुका आठवतो. हे ते नव्हे. हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं जळकोट. पश्चिमेला गेलं की नळदुर्गचा किल्ला, पूर्वेला उमरगा आणि तिथून आत वळलं की १९९३च्या भूकंपाचा पट्टा. विचित्र इमारत लोकांना कधी भावते आणि कधी नकोशी होते, याचं उत्तर या दोन वाटांवर मिळतं.

नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. नदी भरली की नर-मादी धबधबे डोक्यावरून कोसळतात आणि पाणीमहालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. याहून चमत्कारिक वास्तू कोणती? तरीही पावसाळ्यात माणसं ती बघायला मुद्दाम येतात. म्हणजे नुसत्या वेगळेपणाचा लोकांना राग नसतो.

आता पूर्वेकडे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. इथलं जुनं घर माळवदाचं. भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडमातीच्या. आतबाहेर दगडांचे दोन पदर आणि मधे भराव. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आडवे दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर लाकडावर मातीचा जाड थर. भिंती पोटातून फुटल्या आणि सगळा भार झोपलेल्यांवर आला.

पुरती कोसळलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्याची जमीन जेवढी, तसं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांचं घर. बांधायला सरकार होतं, देणगीदार संस्थाही होत्या. त्यातच औसा तालुक्यातल्या गुबाळला घुमटाकार घरं उभी राहिली.

अभियंत्याच्या नजरेनं बघितलं तर घुमटात खोट काढणं अवघड. वजन कमी, आणि भार चहूबाजूंनी जमिनीत उतरतो. पण आपल्याकडे घर खणांनी, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागांनी मोजतात. पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा. थोरल्याचं लग्न झालं, एक खण वाढवला; ज्वारी चांगली पिकली, ओसरी काढली. घुमटाला खण कुठून जोडणार? वाकड्या भिंतीला कपाट टेकत नाही, देवळी कोरता येत नाही. उन्हाळ्यात रात्री अंग टाकायला आणि दिवसा कुरडया वाळवायला माळवद असायचं, तेही गेलं. शिवाय या मुलखाला घुमट काही नवा नाही. विजापूरचा गोल घुमट सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याखाली महंमद आदिलशाह चिरनिद्रा घेतो आहे. घुमटाखाली देव असतो, पीर असतो, नाहीतर कबर. चूल नसते.

घुमट नकोसा वाटण्यात मराठवाड्याचा अडाणीपणा शोधू नये. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांनी तरुणांना वेड लावलं, तेव्हा लॉइड कान यांनी १९७० आणि १९७१ साली घुमट कसे बांधावेत यावर दोन पुस्तकं काढली. स्वतः घुमटात राहून बघितल्यावर मात्र त्यांनी मत बदललं आणि पुस्तकाची छपाई थांबवली. सांधे गळतात, आत आडभिंत घालणं कठीण, घर वाढवणं त्याहून कठीण, अशी त्यांची तक्रार होती. गुबाळच्या वीस वर्षं आधी हा धडा गिरवून झाला होता.

भूकंपात जिथे पडझड कमी झाली होती, तिथे वेगळी वाट निघाली. सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठी आणि मजबुतीसाठी घरमालकांनाच मदत देण्यात आली. काम त्यांनी आपल्या देखरेखीखाली करून घ्यायचं, तांत्रिक सल्ला अभियंत्यांनी द्यायचा. अशी घरं काही देखणी होत नाहीत. एक भिंत दगडाची, दुसरी विटांची, वर पत्रा. पण त्यांना कुरूप म्हणायला घरचं कुणी धजत नाही, कारण प्रत्येक ठिगळामागचा हिशेब घरच्यांना पाठ असतो.

महामार्गावरून जाताना आपल्याकडच्या गावांत स्लॅबवर मोकळ्या सोडलेल्या गंजक्या सळया दिसतात. पाहुणा म्हणतो, काय हे ध्यान! घरमालकाला मात्र त्या सळयांवर धाकट्याची खोली दिसत असते.