आधी दिवे बघा

सकाळी ७

दिवस गळिताचे. रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावलेल्या असतात, त्यामुळे चहा पोटात जायच्या आत फोन सुरू होतात. "दादा, वायफाय गेलंय बघा." मी आधी विचारतो, "काकी, डबीवर दिवे कुठले लागल्यात?" लाल दिवा लुकलुकत असेल तर खांबावरून आलेल्या काचेच्या तारेतला उजेड घरापर्यंत पोचत नाही, मग डबी कितीदाही बंद-चालू करा, उपयोग शून्य. दिवे सगळे हिरवे आणि तरी मोबाईलवर चक्र फिरतंय, तर दुखणं बहुधा घरातलंच. आणि एक हात जोडून सांगतो, डबीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. सगळी सेटिंग पुसली जाते आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं.

सकाळी ८.३०

पहिलं घर, लाल दिवा. मीटर लावला, आकडा उणे ३१. उणे २७ च्या खाली गेलं की डबी उजेड ओळखत नाही. टेबल भिंतीला सरकवलं होतं आणि पिवळी वायर मागे करकचून दुमडली होती. काचेतला उजेड अशा वळणावर बाहेर सांडतो. वायर मोकळी केली, आकडा उणे २१ वर आला. या मापात दहाचा फरक म्हणजे घरात उजेडाचा फक्त दहावा हिस्सा येत होता.

सकाळी १०.१५

एकाच गल्लीतून पाठोपाठ फोन, सगळीकडे लाल. म्हणजे घरं तपासत बसायचं नाही, सरळ खांब बघायचे. कराड-विटा रस्त्यावर आडवी गेलेली केबल ट्रॉलीवरच्या उसाच्या शेंड्यांत अडकून तुटली होती. उंची वाढवा म्हणावं, तर किती वाढवणार? आमच्या गावात मोहरमला शंभर फुटांहून उंच ताबूत निघतात. त्यांच्या वाटेवर तर आडवी वायर चालतच नाही.

जोडणीचं काम मला मनापासून आवडतं. केबल सोलली की आत रंगीत धागे दिसतात. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. रंग खरवडला की उरते ती नुसती काच, १२५ मायक्रॉनची, आणि उजेड धावतो तो तिच्या मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटनं पुसायची, कटरनं काटकोनात तोडायची, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर दोन्ही टोकं खांबाएवढी दिसतात. धुळीचा कण असला तर तोही धोंड्यासारखा. मग ठिणगी पडते आणि दोन काचा एक होतात. मशीननं तूट ०.०२ दाखवली की पुढचा धागा. काचेचे तुकडे मी डब्यात गोळा करतो. रस्त्यावर पोरं अनवाणी फिरतात. तळव्यात घुसला तर तो डोळ्यांना दिसतही नाही.

दुपारी २

जुनं दगडमातीचं घर, दिवे हिरवे. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी माडीवर, डबी खाली सोप्यात लोखंडी कपाटामागे. "काल टेस्ट निम्म्यात बंद पडली," ती म्हणाली. रडवेली झाली होती, आणि का होणार नाही? मोबाईल ५ गिगाहर्ट्झला चिकटला होता. तो वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ चा वेग कमी, पण तो लांब पोचतो. डबी जिन्याजवळ उंचावर लावली आणि माडीवर २.४ जोडून दिलं. तिनं टेस्ट उघडून बघेपर्यंत मी थांबलो. परीक्षा देणाऱ्या पोरांचं काम मी उद्यावर टाकत नाही.

दुपारी ४.३०

दोन ॲडॉप्टर बदलले. पंपाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि गेलेली वीज आल्यावर उसळतं. आधी जळतो तो ॲडॉप्टर.

संध्याकाळी ६

मोहित्यांचे वडगाव. खांबावरच्या पेटीत पाणी शिरलं होतं. पेटी पुसून सांधा नव्यानं केला, झाकण घट्ट लावलं. सातला दहा कमी असताना लाल दिवा गेला. घाईचं कारण नव्हतं, तरी मला ते सातच्या आत हवं होतं. या गावात २०२२ च्या ऑगस्टपासून रोज सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. गावानं ठरवलंय, मुलांनी त्या वेळात अभ्यास करायचा. इंटरनेट जोडणं हा माझा धंदा, पण मला हे पटतं. बंद करायचं ते घरानं ठरवून, तार तुटली म्हणून नव्हे. भोंगा झाला, ज्यांच्या घरचा लाल दिवा गेला होता त्या आप्पांनी मोबाईल फळीवर ठेवला आणि मला जेवायला बसवलं.

रात्री ८.३५

वडगावातूनच फोन. "सगळ्यांचं लागलं, नातवाचंच लागत नाही." दुसऱ्या मोबाईलवर चालतंय म्हणजे तार ठीक आहे. जुनं नाव मोबाईलमधून काढून पासवर्ड नव्यानं टाकायला सांगितला. "मोठा एम आहे का छोटा?" मोठा. लागलं.