मेंढ्याचं गोटुल

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर लेखा लागतं आणि त्याच्या शेजारीच मेंढा, जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. हे गाव बांबूच्या हक्कासाठी देशभर गाजलं. मला मात्र त्याची ओळख गोटुलापासून करून द्यावीशी वाटते.

गोटुल म्हणजे गोंड गावाचं सामाईक घर. दिवसभर शेतात, जंगलात राबलेली तरुण मंडळी तिथे जमायची. ढोल वाजायचा, हातात हात गुंफून रेला गाणी रंगायची आणि गाता-नाचताच गावाच्या रीतीभाती, जंगलाचं ज्ञान पुढच्या पिढीकडे जायचं. बाहेरच्यांनी भलतीच वर्णनं करून त्याची बदनामी केली आणि गावोगाव गोटुलं ओस पडत गेली.

1980 च्या दशकात भोपालपट्टणम-इचमपल्ली धरणांविरुद्धच्या ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलनाने या भागाला जाग आणली. मेंढ्याच्या देवाजी तोफांसारखे तरुण त्यात होते. पुढे मेंढ्याने आपलं गोटुल पुन्हा उभं करायचं ठरवलं. रीतीप्रमाणे ते लाकडाचंच हवं, म्हणून गावाने जंगलातून सागवान आणलं. वनखात्याने पोलीस बंदोबस्तात ते उभं राहिलेलं गोटुल पाडलं. गाव खचलं नाही. परिसरातली गावं एकत्र बसली, मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं आणि शेजारच्या गावांनीही आपापली गोटुलं बांधली. शेवटी खात्यालाच माघार घ्यावी लागली.

नाचगाण्याच्या घरासाठी एवढा झगडा कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण गावाने एकत्र बसायची जागाच गेली, तर गाव बोलणार कुठे? ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा पुढे मेंढ्यातून सगळीकडे गेली. इथल्या ग्रामसभेत प्रत्येक घरातून किमान एक बाई आणि एक पुरुष येतो. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीनेच होतो. एकाचाही विरोध असला तर गाव थांबतं, पुन्हा बोलतं. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने चाललेल्या अभ्यासगटांनी या बोलण्याला कायद्याच्या माहितीचं बळ दिलं. मेंढ्याचं खरं वैभव मला या धीरात दिसतं.

या धीराला फळही आलं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडूनच घ्यावा लागे. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.