पिन बसली, पण सूर गेला!

मुलांनो, तुमच्या घरी एक ड्रॉवर नक्की असेल. जुन्या वायरी, बंद पडलेली बॅटरी आणि एकमेकांत गुंतलेले चार-पाच काळे अडॅप्टर. कुठला कशाचा, कुणालाच ठाऊक नाही!

आमच्या शाळेच्या कपाटातही हेच. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी कीबोर्डचा अडॅप्टर सापडेना. सहा सेल आणून घातले असते तरी भागलं असतं; पण मी आळस केला आणि राउटरचा अडॅप्टर लावला. पिन कशी चपखल बसली! बटण दाबलं, तर सुराऐवजी जळका वास. मुलांची तोंडं एवढीशी झाली. चूक माझीच. मी पिन बघितली, लेबल वाचलंच नाही.

लेबलावर ‘इनपुट’ म्हणजे भिंतीतून येणारी वीज, आपल्याकडे २३० व्होल्टची. ती ओळ सोडा, ‘आउटपुट’ वाचा. राउटरच्या अडॅप्टरवर होतं १२ व्होल्ट. कीबोर्डला हवे होते ९. (दीड व्होल्टचे सहा सेल, करा बरं गुणाकार!) व्होल्ट जुळायलाच हवेत.

अँपिअरचं मात्र वेगळं आहे. डब्यात दहा पोळ्या असल्या तरी तुम्ही भुकेपुरत्याच खाता ना? तसंच, उपकरणाला १ अँपिअर हवा असेल, तर २ अँपिअरचा अडॅप्टर चालतो. अर्ध्या अँपिअरचा लावलात, तर बिचारा तापतो. ‘एमए’ लिहिलं असेल तर १००० एमए म्हणजे १ अँपिअर.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. लेबलावर एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट गोल, दोन्ही बाजूंना अधिक आणि उणे. ठिपका म्हणजे पिनच्या आतलं भोक, गोल म्हणजे बाहेरचा भाग. ठिपका ज्या चिन्हाला जोडलेला, ते आत. राउटरच्या पिनमध्ये आत अधिक होतं. आमच्या कीबोर्डला आत उणे लागत होतं. म्हणजे मी दोन चुका एकदम केल्या! चिन्हं उपकरणावरही असतात, दोन्ही ताडून पाहा. सरळ रेघेखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, नागमोडी रेघ म्हणजे एसी. तेही सारखंच हवं.

जाडीही फसवते. बाहेरून दोन्ही पिना साडेपाच मिलिमीटरच्या, पण आतलं भोक एकीचं २.१, दुसरीचं २.५. चुकीची सैल बसते किंवा बसतच नाही. जोर लावू नका.

मोबाइलची सी-टाइप पिन शहाणी. चार्जर आधी ५ व्होल्ट देतो आणि फोनशी ‘बोलून’च पुढे वाढवतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना हीच पिन सक्तीची झाली. पण जुन्या गोल पिना काही बोलत नाहीत, तिथे वाचायचं आपणच.

त्या वर्षी गाणी पेटीवर झाली. कीबोर्ड दुरुस्त होऊन आला, आणि आमच्या चौथीच्या मुलांनी कपाटातल्या प्रत्येक अडॅप्टरवर लाल ऑइलपेंटने नाव घातलं. येत्या रविवारी आई-बाबांना सोबत घेऊन तुमचा ड्रॉवर उपसा. अडॅप्टर उघडायचा मात्र नाही हं!