पावलागणिक किती किलो?

चालताना गुडघ्यावर किती भार येतो, असं मी विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, 'आपलं वजन असेल तेवढा.' एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, 'पाय दोन, म्हणून निम्मा.' दोन्ही उत्तरं चुकतात, आणि थोडीथोडकी नव्हे. सपाट जमिनीवर, रोजच्या चालीनं चालतानासुद्धा खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यावर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. दर पावलाला.

हा भार येतो कुठून? असं पाहा. एक पाय उचलला की सगळं अंग दुसऱ्या पायाच्या खुब्यावर तोललं जातं. माणूस ६० किलोचा आणि त्याचा टेकलेला पाय १० किलोचा धरला, तर वर उरतात ५० किलो. हे ५० किलो खुब्याच्या बरोबर वर नसतात. शरीराच्या मध्याकडे सुमारे १० सेंटीमीटर सरकलेले असतात. त्यामुळे कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलायला बघते. तिला सावरतात खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, पण ते सांध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. कावड खांद्यावर मधोमध नसली तर आखूड बाजूला जास्त वजन बांधावं लागतं, तसंच हे. स्नायूंना १०० किलोंचा ओढा लावावा लागतो. आणि कावडीचा खांदा म्हणजे सांधा. त्यावर दोन्ही मिळून १५० किलो. वजनाच्या अडीच पट! त्यातला मोठा वाटा आपल्याच स्नायूंचा.

हे झालं एका पायावर स्थिर उभ्या माणसाचं गणित. चालणाऱ्याचं मोजायचं तर प्रयोगशाळेत जमिनीच्या पातळीत एक पाटा बसवतात. त्यावर पाऊल पडलं की जमीन पायाला किती जोरानं वर ढकलते ते कळतं. त्याच्या आलेखाला उंटासारखी दोन वशिंडं असतात, एक टाच टेकल्यानंतरचं, दुसरं पायानं मागे रेटतानाचं. दोन्ही वजनापेक्षा जरा जास्त, मधली खळगी कमी. शिवाय अंगावर चकाकणारे छोटे गोळे चिकटवून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात. मग न्यूटनचे नियम लावत पावलापासून घोटा, गुडघा, खुबा असं वर चढत जायचं. १८९०च्या दशकात लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर यांनी छायाचित्रांवरून चालीची अशी आकडेमोड हातानं केली होती. आमचे विद्यार्थी संगणक जरा मंदावला की कुरकुरतात!

पण इथे एक मोठी अडचण येते. या पद्धतीनं सगळ्या स्नायूंची मिळून बेरीज कळते, कोणी किती ओढलं ते कळत नाही. दहा मित्रांनी मिळून हॉटेलचं बिल भरलं. रक्कम माहीत, कोणाच्या खिशातून किती गेले ते गुलदस्त्यात. समोरचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी ओढत असतील तर बेरजेत ते एकमेकांना खोडतात, सांधा मात्र दोघांखाली दाबला जातो. म्हणून कितीही चांगलं गणित केलं तरी तो अंदाजच.

मग खरं उत्तर सांध्याच्या आतच शोधायचं ठरलं. १९६६ साली स्वीडनच्या रिडेल यांनी कृत्रिम खुब्यातच ताणमापक बसवून रुग्णांची मोजणी प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या बर्गमान यांच्या गटानं बिनतारी संदेश पाठवणारे खुबे बसवले. २००१ मध्ये त्यांनी चार रुग्णांचे आकडे दिले. नेहमीच्या वेगानं चालताना सरासरी २३८ टक्के, म्हणजे आपल्या कावडीच्या हिशेबाच्या जवळपास. त्याआधी, १९९३च्या अहवालात एक नोंद आहे. मोजणी चालू असताना एक रुग्ण अडखळला. पडला नाही, फक्त अडखळला. त्या क्षणी खुब्यावर वजनाच्या ८.७ पट भार नोंदला गेला. तोल सावरायला सगळे स्नायू एकदम आवळले गेले असणार. तेव्हापासून घरातली सुटी पायपुसणी मला बघवत नाहीत. गुडघ्याचा असा पहिला सांधा २००४ साली अमेरिकेत बसवला गेला.

याचा उपयोग काय, असं मला आईनंच विचारलं होतं. तिचा डावा खुबा दुखायचा आणि ती काठीही डाव्या हातात धरायची. दुखतं तिथेच आधार, हे कोणालाही पटतं. कावडीचा हिशेब मात्र उलटं सांगतो. उजव्या हातातली काठी डाव्या खुब्यापासून ५० सेंटीमीटरवर टेकते. एवढ्या लांब दांड्यावर नुसता ५ किलोंचा रेटा दिला, तरी कागदावर स्नायूंचं काम १०० वरून ५० किलोंवर येतं. प्रत्यक्षात फायदा यापेक्षा बराच कमी होतो, कारण दर पावलाला कोणी सारखा रेटा देत नाही, पण होतो. अमेरिकी अस्थिशल्यविशारद ब्लाउंट यांनी १९५६ साली 'काठी टाकून देऊ नका' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला होता. वजनाचंही तसंच. गुडघेदुखी असलेल्या स्थूल वृद्धांच्या २००५ सालच्या एका अभ्यासात, वजन १ किलो घटलं की गुडघ्यावरचा भार पावलामागे ४ किलोंनी घटलेला दिसला.

आईनं काठी उजव्या हातात घेतली. आठवडाभर अवघडल्यासारखं वाटलं म्हणाली. मग एक दिवस विचारलं, 'काठी उजव्या हातात, तर भाजीची पिशवी कुठे धरू?' डाव्याच हातात, दुखऱ्या बाजूला. कावडीच्या आखूड बाजूला तेवढंच वजन आयतं मिळतं, स्नायूंना कमी ओढावं लागतं. हे मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पिशवी ती माझ्याकडेच द्यायची.