हा हट्ट नव्हे

आमच्या मुरूडकडच्या अंगणवाडीत एखादं मूल हाकेला वळत नाही, बाईंचेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. लोक म्हणतात, आईने लाडावून ठेवलंय. मंडळी, हा हट्ट नव्हे, आईचा दोषही नव्हे. ही स्वमग्नता असू शकते. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचं सविस्तर वर्णन केलं.

मी कविता लिहिणारा माणूस. पुन्हा आलेला शब्द वाया जात नाही, हे मला ध्रुपदाने शिकवलं. ‘पाणी हवं का?’ असं मूल स्वतःच म्हणालं, तर बहुधा त्यालाच तहान लागलेली असते.

वर्गात सूचना छोटी द्यावी, मग थोडं थांबावं. गाणं, खाऊ, घरी जाणं यांची चित्रं क्रमाने लावावीत. पुढचं कळलं की भीती कमी होते. गोंगाट सोसेना, तर कोपऱ्यात एक चटई असावी. ‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह नको.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. पण त्यातला मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयाचा. त्याआधीची मोलाची वर्षं अंगणवाडीच्याच हाती. शंका येताच डॉक्टरांना दाखवा, मात्र निदान होईपर्यंत मुलाला घरी बसवू नका.